सेंद्रिय मालाच्या शिक्क्याची गोष्ट



हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. जे डोळ्यांना दिसते त्याला पुरावा लागत नाही. ज्वारी टपोरी आहे की किडकी, हे मूठभर दाणे तळहातावर घेतले की कळते. गुळाची ढेप फोडली की आतला रवा दिसतो. मिरची खरी की जुनी, हे तिचा ठसकाच सांगतो. आडत्या असो की गिऱ्हाईक, मालाची पारख डोळा, नाक आणि जीभ यांच्या जोरावरच होत आली.

सेंद्रिय मालाचे मात्र तसे नाही, बरं का! तुरीची दोन पोती शेजारी शेजारी ठेवा. एक रासायनिक खतावर पिकलेली, दुसरी शेणखतावर पिकलेली. दाणा तोच, रंग तोच. फवारलेल्या औषधाचा अंश राहिला असेल तर प्रयोगशाळेत सापडतो. पण शेताला युरिया घातला होता की कंपोस्ट, हे डाळीला विचारून कळत नाही. ज्या गोष्टीचे जादा पैसे मागायचे, ती पोत्यात दिसतच नाही. ती शेतात घडून गेलेली असते. शेतात काय घडले ते शेतकऱ्याला ठाऊक, शेजाऱ्याला ठाऊक आणि त्या जमिनीला ठाऊक. शंभर कोसांवरच्या गिऱ्हाइकाला ते कसे कळावे?

या अडचणीतूनच सेंद्रिय मालाचा शिक्का जन्माला आला. ‘आम्ही प्रामाणिकपणे पिकवतो, मग हा कागद कशाला? आमच्या शब्दाला किंमत नाही का?’ असे पुष्कळ शेतकरी विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर या शिक्क्याच्या शंभर वर्षांच्या इतिहासात आहे. तो इतिहास कळला म्हणजे कोणत्या कागदावर सही करावी आणि कोणत्या कागदावर करण्याआधी दहांदा विचार करावा, हेही कळते. म्हणून या पत्रिकेत तोच सांगितला आहे.

तुपाच्या डब्यावरचा शिक्का

शेतमालावर सरकारी शिक्का मारण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. १९२८ साली शाही कृषी आयोगाने आपला अहवाल दिला. शेतकरी पिकवतो चांगले, पण बाजारात नाडला जातो. मालाची प्रतवारी नाही, वजनमापात मेळ नाही, हे त्या अहवालात मांडले गेले. पुढे १९३५ साली शेतमालाच्या बाजाराकडे पाहण्यासाठी दिल्लीला सरकारी कचेरी निघाली. १९३७ साली शेतमालाची प्रतवारी आणि चिन्हांकन यांचा कायदा झाला. आपण ज्याला ‘अॅगमार्क’ म्हणतो तो शिक्का या कायद्यातून आला.

अंडी, फळे, तूप-लोणी, तंबाखू, कातडी अशा मालापासून त्याची सुरुवात झाली. त्यात तुपाचा शिक्का लोकांच्या चांगला ध्यानात राहिला, कारण तुपातली भेसळ घरोघर ठाऊक होती. तुपाचा नमुना घ्यायचा, प्रयोगशाळेत तपासायचा आणि ठरलेल्या प्रतीत बसला तर डब्यावर शिक्का मारायचा. या कामाची देशातली मध्यवर्ती प्रयोगशाळा आपल्या नागपुरात आहे.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. अॅगमार्क मालाची परीक्षा करतो. तूप कुठल्या म्हशीचे, तिने कुठे चारा खाल्ला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. डब्यातले तूप चोख असले म्हणजे झाले. सेंद्रिय मालाचा शिक्का याच्या अगदी उलटा आहे. तो शेताच्या वागणुकीची परीक्षा करतो. माल कितीही देखणा असला तरी शेताचा हिशेब लागला नाही, तर तो शिक्का मिळत नाही. हा फरक न कळल्यामुळे ‘माझ्या मालाचा रिपोर्ट चांगला आला, मग मला सेंद्रियचा दाखला का देत नाहीत?’ असे भांडण ठिकठिकाणी होते.

इंदूरचे खत, जर्मनीतले नाव

आता सेंद्रिय शेतीच्या मुळाकडे जाऊ. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारात पुसा येथील सरकारी संशोधन केंद्रात आले. पिकाच्या रोगावर उपाय शोधता शोधता त्यांचे लक्ष आसपासच्या साध्या शेतकऱ्यांच्या पिकांकडे गेले. इथला शेतकरी आणि पिकावरची कीड हेच आपले खरे गुरू, असे ते पुढे उघडपणे सांगत.

१९२४ साली होळकरांच्या इंदुरात त्यांनी नव्या संशोधन संस्थेचे काम हाती घेतले आणि १९३१ पर्यंत ते तिथे राहिले. शेतातला पालापाचोळा, काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतारीची माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ठरल्या वेळी ढीग चाळवायचा आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार करायचे, अशी रीत त्यांनी तिथे बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने गेली. या कामात यशवंत वाड हे त्यांचे रसायनशास्त्राचे सहकारी होते. १९३१ साली निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांचीही नावे आहेत. पुढे १९४० साली हॉवर्डसाहेबांचे दुसरे गाजलेले पुस्तक निघाले आणि विलायतेत व अमेरिकेत सेंद्रिय शेतीची चळवळ उभी राहायला त्याचा मोठा हातभार लागला.

म्हणजे शेणखताची, कंपोस्टाची जी रीत आपल्या भागातून गेली, तीच काही वर्षांनी ‘ऑरगॅनिक’ नाव घेऊन परत आली. पण हॉवर्डसाहेबांनी शिक्का काढला नाही. शिक्का आला जर्मनीतून.

१९२४ सालीच रुडॉल्फ स्टायनर या विचारवंताने कोबरविट्झ या गावी शेतीवर आठ व्याख्याने दिली. त्यातून ‘बायोडायनॅमिक’ शेतीची शाखा निघाली. ग्रहताऱ्यांच्या प्रभावाबद्दलची त्यांची मते कोणाला पटतील, कोणाला पटणार नाहीत. पण त्यांच्या अनुयायांना एक व्यवहारी अडचण आली. माल शहरात गेला की तो इतर मालात मिसळून जाई. म्हणून १९२८ साली त्यांनी आपल्या मालासाठी ‘डीमीटर’ हे नाव घेतले. डीमीटर ही ग्रीक लोकांची धान्याची देवी. या नावाने माल विकायचा असेल तर अमुक रीतीनेच पिकवला पाहिजे, असे नियम त्यांनी केले. पिकवण्याच्या रीतीवरून मालाला नाव देण्याची ही जगातली अगदी सुरुवातीची खटपट. ती सरकारने केलेली नव्हती, शेतकरी आणि त्यांच्या गिऱ्हाइकांनी केलेली होती.

नियम आधी शेतकऱ्यांनी लिहिले

दुसरे महायुद्ध संपल्यावर १९४६ साली इंग्लंडात ‘सॉइल असोसिएशन’ ही संस्था निघाली. पहिली वीस वर्षे तिने मातीच्या आरोग्याचा प्रचार केला. मालाचे नियम तिने लिहिले ते १९६७ साली. इतकी वर्षे गरज का भासली नाही? कारण माल थोडा होता, गिऱ्हाईक ओळखीचे होते. ओळखीत कागद लागत नाही. माल दुकानात जाऊ लागला तेव्हा कागदाची गरज भासू लागली.

अमेरिकेतही तेच झाले. १९७३ साली कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनी आपली प्रमाणन संघटना काढली. सुरुवातीच्या काळात शेतकरीच एकमेकांच्या शेतावर जाऊन पाहणी करीत. ‘तू खरंच फवारलं नाहीस ना?’ हा प्रश्न शेजारीच शेजाऱ्याला विचारीत होता. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचा संबंध येणार आहे.

१९७२ साली फ्रान्समध्ये व्हर्साय येथे निरनिराळ्या देशांतल्या संस्था एकत्र आल्या आणि ‘आयफोम’ हा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. प्रत्येक देशाचा नियम वेगळा असेल तर माल सरहद्द ओलांडणार कसा? म्हणून या महासंघाने पुढे सर्वांना धरून मूलभूत नियम तयार केले. आजच्या बहुतेक देशांच्या नियमांचे मूळ त्यात सापडते.

सरकार मध्ये पडते

माल वाढला, भाव चढला आणि मग व्हायचे तेच झाले. कोणीही उठावे आणि डब्यावर ‘ऑरगॅनिक’ लिहावे! ढीगभर शिक्के झाले. खरा कोणता, खोटा कोणता, गिऱ्हाइकाला कळेना. तेव्हा सरकारांना कायदे करावे लागले.

युरोपातल्या देशांनी १९९१ साली एकत्र नियम केला. ‘सेंद्रिय’ हा शब्द आता कोणालाही मनास येईल तसा वापरता येईना. त्याच नियमात बाहेरच्या देशांसाठीही कलम होते. तुमच्या देशातले नियम आणि तपासणी आमच्या तोडीची आहे असे दाखवा, मग तुमचा माल सेंद्रिय म्हणून येऊ देऊ, असा त्याचा अर्थ. आपल्या देशात पुढे जे घडले त्याचे बीज या कलमात आहे.

अमेरिकेत १९९० साली कायदा झाला, पण त्याखालचे नियम ठरायला बारा वर्षे गेली. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. डिसेंबर १९९७ मध्ये तिथल्या कृषी खात्याने नियमांचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात जनुक बदललेले बियाणे, शहरातल्या सांडपाण्याचा गाळ आणि अन्नावर किरणांचा मारा, या तिन्ही गोष्टींना वाव ठेवलेला होता. सेंद्रिय शेतकरी आणि ग्राहक खवळले. पावणेतीन लाखांवर पत्रे आणि हरकती खात्याकडे गेल्या. शेवटी खात्याला माघार घ्यावी लागली. तिन्ही गोष्टी वगळून डिसेंबर २००० मध्ये नियम पक्के झाले आणि ऑक्टोबर २००२ पासून लागू झाले.

नियम हे काही आकाशातून पडत नाहीत. माणसेच ते लिहितात आणि माणसांनी पत्रे लिहिली तर ते बदलतातही. आपल्या देशातही असे मसुदे हरकतींसाठी जाहीर होतात. त्यावर शेतकऱ्याचे पत्र गेले नाही, तर व्यापाऱ्याचे पत्र तेवढे वाचले जाते.

आपल्याकडे शिक्का आला तो परदेशासाठी

आपल्या देशात केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने २००० साली ‘राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम’ आखला आणि २००१ मध्ये त्याला परदेशी व्यापाराच्या कायद्याचा आधार दिला. त्याची देखरेख ‘अपेडा’ या निर्यात संस्थेकडे आली. २००२ साली ‘इंडिया ऑरगॅनिक’ हे चिन्ह आले. २००६ मध्ये युरोपने आपली पद्धत कच्च्या शेतमालापुरती तोडीची मानली. अमेरिकेनेही त्याच वर्षी आपल्या प्रमाणन संस्थांची तपासणी स्वीकारली.

कृषी खात्याऐवजी वाणिज्य खाते का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. कारण उघड आहे. हा शिक्का सुरू झाला तो परदेशी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. निर्यातीला तो सक्तीचा होता. देशातल्या देशात मात्र पुढे कितीतरी वर्षे कोणीही पुडीवर ‘सेंद्रिय’ छापावे, विचारणारा कोणी नव्हता. आपल्या गावच्या शेतकऱ्याने तीन वर्षे कष्ट करून पिकवलेली हळद आणि कुठल्या तरी पुडीवर नुसते छापलेले नाव, दोन्ही एका फळीवर बसली. खऱ्याचा भाव खोट्याने खाल्ला.

या कार्यक्रमाचे मुख्य नियम थोडक्यात असे. हंगामी पिकासाठी पेरणीच्या आधी किमान दोन वर्षे आणि फळबागेसारख्या बहुवर्षायू पिकासाठी पहिल्या सेंद्रिय तोडणीच्या आधी किमान तीन वर्षे जमीन नियमाखाली असली पाहिजे. याला रूपांतरणाचा काळ म्हणतात. एका जूनमध्ये शेताची नोंद झाली, तर त्या आणि पुढच्या खरिपाचे पीक सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. तिसऱ्या जूनला पेरलेल्या पिकापासून तो हक्क मिळतो. काही अटींवर या काळात सूट मिळू शकते, पण ती मागून मिळते, गृहीत धरून चालत नाही. रासायनिक खत, कृत्रिम कीटकनाशक आणि तणनाशक बंद. जनुक बदललेले बियाणे बंद. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस पिकवणाऱ्यांना ही शेवटची अट फार जाचली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत साधे बियाणे दुकानातून दिसेनासे झाले. ज्याला सेंद्रिय कापूस पिकवायचा, त्याला आधी बियाण्यासाठीच वणवण करावी लागली.

गटाचा दाखला कुणाच्या कपाटात?

दोन-चार एकरांच्या धन्याला एकट्याने प्रमाणनाची फी परवडत नाही. निरीक्षकाचा प्रवास, तपासणी, कागदपत्रे, सगळे दरवर्षी आले. म्हणून गटाने दाखला घेण्याची सोय ठेवली गेली. २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट करायचा. गटाच्या आतली पाहणी गटाच्याच माणसाने करायची. बाहेरचा निरीक्षक येतो तो आतल्या नोंदी तपासतो आणि नमुन्यादाखल काही शेते पाहतो. आपल्या देशातल्या लहान शेतकऱ्याला सेंद्रिय शिक्का मिळाला तो बहुतकरून याच वाटेने.

पण या वाटेवर एक खाचखळगा होता. गट बांधायला पैसा लागतो, लिहिणारा माणूस लागतो. अनेक ठिकाणी तो खर्च खरेदीदार कंपनीने किंवा एखाद्या संस्थेने केला. ज्याने खर्च केला त्याच्या नावावर दाखला निघाला. शेत शेतकऱ्याचे, रूपांतरणाची वर्षे शेतकऱ्याने सोसली, उतार घटला तो शेतकऱ्याचा. पण कागद दुसऱ्याच्या कपाटात! अशा शेतकऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला माल दिला की तो माल त्या क्षणी साधा झाला. भाव कमी दिला तरी बोलायची सोय नाही, कारण शिक्का सोडून जाता येत नाही. गाय आपली आणि दावे दुसऱ्याच्या हातात, तशातली गत.

ही गोष्ट पुढे नियम करणाऱ्यांच्याही ध्यानी आली. युरोपचा नवा नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात शेतकऱ्यांचा गट हा स्वतः कायद्याने नोंदलेला असला पाहिजे, अशी अट आली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाची आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये निघाली. तिनेही उत्पादक गटालाच कायदेशीर दर्जा देण्याची वाट धरली. म्हणजे सहकारी संस्था, उत्पादक कंपनी किंवा तशी नोंदणी करून दाखला आपल्या गटाच्या नावावर ठेवण्याला आता कायद्याचे बळ आहे. ते वापरायचे की नाही, हे आपल्या हातात आहे.

शेजाऱ्याची साक्ष

ज्यांना परदेशी माल धाडायचाच नाही, जवळच्या शहरात विकायचा आहे, त्यांनी एवढा खटाटोप का करावा? या प्रश्नातून २०११ साली केंद्राच्या कृषी खात्याने दुसरी पद्धत सुरू केली. तिला सहभागी हमी पद्धत, म्हणजे ‘पीजीएस-इंडिया’ म्हणतात. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राकडे तिचे काम आले.

या पद्धतीत एकाच गावातले किंवा शेजारच्या गावांतले किमान पाच शेतकरी गट करतात. सगळे मिळून शपथ घेतात, बैठका भरवतात आणि एकमेकांची शेते पाहतात. रूपांतरणाच्या काळात ‘पीजीएस-ग्रीन’ आणि तो काळ संपल्यावर ‘पीजीएस-ऑरगॅनिक’ असे दोन टप्पे ठेवले गेले. बाहेरच्या निरीक्षकाची फी लागत नाही. २०१५-१६ पासून परंपरागत कृषी विकास योजनेत ५० एकरांचे गट करून या पद्धतीला सरकारी पैशाचीही जोड मिळाली.

कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांची गोष्ट आठवली ना? तीच ही रीत, आपल्या मातीत आलेली. गावात लपून काही राहत नाही. कुणाच्या बांधावर औषधाची रिकामी बाटली पडली आहे, कुणी रात्री पंप पाठीला मारला, हे बाहेरच्या साहेबाला कळणार नाही, शेजाऱ्याला कळते. या पद्धतीचे बळ त्यात आहे आणि दुबळेपणही त्यातच आहे. कारण शेजाऱ्याला कळते ते शेजारी बोलेलच असे नाही. भाऊबंदकी आहे, सोयरीक आहे, पतपेढीची निवडणूक आहे. ‘तू माझं पाहू नको, मी तुझं पाहत नाही’ असे ठरले की शिक्का पोकळ झाला. म्हणून ज्याने आपले शेत पाहिले, त्याचे शेत आपण पाहू नये, तिसऱ्याने पाहावे. बैठक खरोखरच भरावी. बैठकीची वही घरी बसून भरू नये.

या शिक्क्याची हद्दही ओळखून असा. तो देशातल्या विक्रीसाठी आहे, निर्यातीला चालत नाही. आणि माल गटाच्या हातातून सुटून दुसऱ्याने फोडून नव्या पुड्या भरल्या, तर साखळी तुटते.

देशातला कायदा

देशातल्या बाजारासाठी पक्का कायदा व्हायला २०१७ साल उजाडले. अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने त्या वर्षाच्या डिसेंबरात सेंद्रिय अन्नाचे नियम काढले आणि ते १ जुलै २०१८ पासून लागू झाले. पुडीवर ‘सेंद्रिय’ छापून विकायचे तर निर्यातीची राष्ट्रीय पद्धत किंवा पीजीएस यांपैकी एकीचा दाखला हवा, असे ठरले. त्याच सुमारास ‘जैविक भारत’ हे चिन्ह पुढे आले. चिन्हांची चित्रे काळाप्रमाणे बदलत जातात. म्हणून पिशव्या छापण्याआधी सध्या कोणते चिन्ह चालते, हे आपल्या प्रमाणन संस्थेला लेखी विचारा. पाच हजार पिशव्या छापून वाया घालवण्यापेक्षा एक पत्र स्वस्त पडते.

या नियमांत लहान शेतकऱ्यासाठी एक दार उघडे ठेवले गेले. वर्षाची उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेला लहान उत्पादक किंवा उत्पादकांची संस्था आपला माल थेट खाणाऱ्याला विकत असेल, तर दाखल्याची सक्ती नाही. मात्र सरकारी सेंद्रिय चिन्ह अशा मालावर लावता येत नाही. आणि प्रक्रिया केलेल्या मालाला ही सवलत नाही. सवलतीमागचा विचार आपल्या ओळखीचाच आहे. जिथे पिकवणारा आणि खाणारा समोरासमोर उभे आहेत, तिथे शब्द चालतो. मध्ये तिसरा आला की कागद लागतो.

तिळाचा धडा

आता अलीकडची एक हकीकत. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियममध्ये भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडले. जंतू मारण्यासाठी साठवलेल्या मालाला देतात तो हा वायू. युरोपात अन्नाला तो वापरायला बंदी आहे आणि तिळात त्याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी बारीक आहे. मग देशोदेशी तपासणी झाली, दुकानांतून माल परत मागवला गेला. त्यात साधा तीळ होता, तसा सेंद्रिय शिक्क्याचाही होता.

हा वायू काही शेतात फवारायचे औषध नव्हे. शेतकऱ्याने तीळ झोडपून पोत्यात भरला, त्यानंतरच्या वाटेवर हे घडते. पण जगात नाव गेले ते सगळ्या भारतीय मालाचे. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने आपल्याशी असलेली सेंद्रिय मान्यतेची व्यवस्था थांबवण्याचे जाहीर केले आणि जुलै २०२२ मध्ये ती संपली. २०२१ च्या अखेरीस युरोपने भारतात काम करणाऱ्या पाच प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. ज्यांचा दाखला या संस्थांचा होता, त्यांचा युरोपचा दरवाजा बंद झाला; मग त्यांचे शेत आरशासारखे स्वच्छ का असेना.

सुक्याबरोबर ओले जळते ते असे. शिक्का एकट्याचा कधीच नसतो. शेतकरी, गट, गोदाम, कारखाना, प्रमाणन संस्था अशी ती साखळी असते आणि एक कडी तुटली तरी सगळ्यांचा माल खाली येतो.

यातून आपण काय घ्यावे

शंभर वर्षांच्या या इतिहासात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पिकवणारा आणि खाणारा यांच्यात अंतर पडले की शब्दाच्या जागी कागद येतो. आणि तो कागद ज्याच्या ताब्यात, भाव त्याच्या ताब्यात. म्हणून कागदाचा कंटाळा करू नका. पुढील गोष्टी सांभाळा:

१. आधी गिऱ्हाईक ठरवा, मग शिक्का. माल ओळखीच्या घरी थेट विकणार असाल तर दाखल्याशिवायही चालेल. जवळच्या शहरातल्या दुकानात विकणार असाल तर पीजीएस पाहा. परदेशी धाडायचा असेल तर निर्यातीची पद्धतच लागेल.

२. गटात शिरण्याआधी तीन प्रश्न विचारा. दाखला कुणाच्या नावावर निघणार? मी गट सोडला तर माझ्या शेताच्या नोंदींची नक्कल मला मिळेल का? माल दुसऱ्याला विकायचा झाला तर काय? उत्तरे तोंडी घेऊ नका, लिहून घ्या.

३. शेताची वही ठेवा. गट नंबर, नकाशा, बियाण्याची पावती, कोणत्या तारखेला काय घातले, किती पिकले, कुणाला किती विकले. वही रोज संध्याकाळी भरा. निरीक्षक येणार म्हणून एका रात्रीत भरलेली वही शाईच सांगून देते. चार क्विंटल पिकवून सहा क्विंटल विकल्याची नोंद निघाली, तर दाखला जातो.

४. बांधाकडे लक्ष ठेवा. शेजारच्या रानातली फवारणी वाऱ्याने येते, खताचे पाणी उताराने येते. मध्ये पट्टा सोडा, चर काढा, झाडांची दाट कुंपणे लावा. शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवा. फवारणीच्या दिवशी भांडण्यापेक्षा ते बरे.

५. पंप, बारदान, कणगी वेगळी ठेवा. रासायनिक मालाची पोती झटकून सेंद्रिय माल त्यात भरू नका. साठवणीत गोळ्या-पावडर टाकू नका. शेतात तीन वर्षे राखलेले पथ्य घरातल्या कोठीत एका दिवसात मोडते.

६. शब्द जपून वापरा. ‘विषमुक्त’, ‘नैसर्गिक’, ‘गावरान’ आणि ‘सेंद्रिय’ हे एकच नव्हेत. तपासणीत औषधाचा अंश सापडला नाही, एवढ्याने माल सेंद्रिय ठरत नाही.

७. दाखला दरवर्षी पाहून घ्या. त्यावर आपले नाव, पीक, क्षेत्र आणि मुदत बरोबर आहे का? आपल्या प्रमाणन संस्थेची मान्यता चालू आहे का? विकत्या मालाबरोबर व्यवहाराचा दाखला निघाला का? तिळाच्या वेळी ज्यांनी हे पाहिले नव्हते, त्यांना बातमी व्यापाऱ्याकडून कळली, आणि तीही भाव पाडून.

इंदूरच्या ढिगातून निघालेले खत जगभर गेले, त्यावरचा शिक्का मात्र परदेशातून फिरून आला. पण शिक्क्याखाली जे लिहिलेले असते, ते आपल्याच रानात घडते. शिक्का आपल्या गटाच्या नावावर असावा आणि त्यावरचा शब्द आपल्या वहीतून खरा ठरावा. या दोन गोष्टी जमल्या, तर रूपांतरणाच्या वर्षांत सोसलेली घट वाया जाणार नाही.

ही पत्रिका वाचून झाल्यावर गटातल्या इतरांना द्या. येत्या बैठकीत दाखला कपाटातून बाहेर काढून सर्वांसमोर एकदा मोठ्याने वाचा. पुष्कळ गटांत तो अजून कोणी वाचलेलाच नसतो.